पोपुरी आणि काला

शब्दांची कुळकथा शोधूं लागलें म्हणजे पुष्कळदां ती स्वयंपाकघरांत जाऊन पोहोंचते. फ्रेंच भाषेंतील ‘पोपुरी’ हा असाच एक शब्द. ‘पो’ म्हणजे भांडें व ‘पुरी’ म्हणजे सडलेलें. स्पॅनिश लोकांच्या ‘ओया पोद्रीदा’ या पदार्थाच्या नांवाचें हें शब्दशः भाषांतर होय. निरनिराळ्या प्रकारचें मांस, कडधान्यें व भाज्या एकाच मडक्यांत घालून मंद आंचेवर फार वेळ शिजविलेलें असें हें कालवण. पुढें सुगंधासाठीं बरणींत एकत्र ठेवलेल्या सुक्या पाकळ्यांनाहि तेंच नांव मिळालें, आणि निरनिराळ्या चाली एकामागून एक गुंफून केलेल्या संगीतरचनेलाहि तेंच लागलें. मडक्यांतून निघालेला शब्द असा वाद्यवृंदांत जाऊन बसला.

मराठी श्रोत्यांस हा प्रवास परका वाटण्याचें कारण नाहीं. आपला ‘काला’ हा शब्दहि असाच स्वयंपाकघरांतून निघून कीर्तनांत आला आहे. कालविणें म्हणजे मिसळणें; ‘कालवण’ हें त्याच कुळांतलें. पोहे, लाह्या, दहीं, लोणचें यांचें मिश्रण तो काला. आणि गोपाळांनीं आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून श्रीकृष्णासह खाल्ल्या, त्या प्रसंगावरील निरूपण तें काल्याचें कीर्तन. ज्या नेवाशास शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्या अहिल्यानगर जिल्ह्यांत गांवोगांवच्या हरिनाम सप्ताहांची सांगता याच कीर्तनानें होते. गौळणी गाइल्या जातात, दहीहंडी फुटते व प्रसाद वांटला जातो.

मात्र या दोन शब्दांत एक भेद आहे. पोपुरींत एक चाल संपून दुसरी लागते. प्रत्येक चाल आपल्या जागीं निराळी राहते. काल्यांत कोणाची शिदोरी कोणती हें ओळखूं येऊं नये, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा आचरणांत उतरण्यास फार काळ लागला. आषाढी पौर्णिमेस पंढरपूरनजीक गोपाळपुरीं दरवर्षीं काला होत असतांहि विठ्ठलमंदिराचें द्वार अस्पृश्य मानलेल्या भक्तांस बंदच होतें. तें उघडावें म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यांत प्राणांतिक उपोषण करावें लागलें, तेव्हां तें उघडलें.

आजहि सप्ताहाच्या शेवटीं काल्यासाठीं ओंजळ पुढें करणाऱ्यानें शेजारच्या ओंजळीकडे पाहावें आणि एवढेंच मनाशीं विचारावें, कीं आपल्या गांवच्या शिदोऱ्या खरोखरच एकत्र झाल्या आहेत काय?