फुकटच्या उपचाराला किंमत नसते का?

(समुपदेशन करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



दुपारच्या सत्रात आपल्याला एक निर्णय घ्यायचा आहे. केंद्रात बोलायला येणाऱ्या प्रत्येक बाईकडून दर भेटीला 100 रुपये घ्यायचे की नाही? फीच्या बाजूने असणाऱ्या मैत्रिणींचं म्हणणं असं की फुकट मिळालं की कदर राहत नाही. पैसे दिले की बाई वेळेवर येते, मनापासून बोलते. हा युक्तिवाद नवा नाही. व्हिएन्नात खुद्द फ्रॉइडने तो 1913 मध्ये केला होता.

उपचाराची सुरुवात कशी करावी यावरचा त्याचा एक लेख आहे. आठवड्यातले सहा दिवस, रोज एक तास. तो तास रुग्णाने जणू भाड्याने घेतलेला, म्हणजे आला नाही तरी पैसे द्यायचे. फ्रॉइड सांगतो, की सुमारे दहा वर्षं त्याने रोज एक, कधी दोन तास फुकट उपचारांसाठी ठेवले होते, आणि त्याचा अनुभव चांगला नाही. गरिबाचा आजार एकदा जडला की सुटत नाही असंही तो म्हणतो. कारण आजारामुळेच त्याला थोडी दया मिळते, कामातून थोडी सुटका मिळते.

आता रोज दिवसाचा एक तास, तोही सहा दिवस, कोणाला परवडेल? गिरणीतल्या बाईला? मोलकरणीला? ज्यांना परवडत होतं त्यांच्या मनांवरून 'माणसाच्या मनाचा' सिद्धांत उभा राहिला. त्यात काहीच खरं नाही असं मी म्हणत नाही. मी स्वतः त्यातून पुष्कळ शिकले. पण कोण बोलायला येऊ शकलं आणि कोण नाही, याचा ठसा त्यावर आहे.

दोन मुलींच्या गोष्टी सांगते. पहिली 1893 सालची. फ्रॉइड आल्प्समध्ये फिरायला गेलेला असताना डोंगरावरच्या खाणावळीत जेवण वाढणाऱ्या मुलीने वहीत त्याचं नाव पाहिलं आणि विचारलं, तुम्ही डॉक्टर ना? माझा श्वास कोंडतो. त्या डोंगरावर दोघांचं एकदाच बोलणं झालं. तिच्यावर हात टाकणारा तिचा काका होता, असं 1895 च्या पुस्तकात छापलं गेलं. मग 1924 मध्ये तळटीप आली: तो काका नव्हता, बाप होता. म्हणजे एकोणतीस वर्षं छापील पानावर बाप झाकलेला राहिला. तिला दुसरी भेट मिळाली नाही. फ्रॉइडच लिहितो, की ती मला पुन्हा भेटली नाही.

दुसरी मुलगी 'डोरा'. साल 1900, वय अठरा. श्रीमंत कारखानदार बापाने तिला फ्रॉइडकडे आणलं. पैसे बापाचे, तक्रारही बापाची: मुलीला ताळ्यावर आणा. बापाच्या मित्राने तळ्याकाठी तिला गाठलं होतं आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली होती. त्या मित्राच्या बायकोशी बापाचे संबंध होते. मुलगी खोटं बोलत नाही हे फ्रॉइडने मान्य केलं, पण तिला तो मित्र मनातून आवडत होता, असा अर्थ लावला. 31 डिसेंबरला ती म्हणाली, आज शेवटचा दिवस. कधी ठरवलंस? पंधरा दिवसांपूर्वी. तेव्हा फ्रॉइड म्हणाला, हे तर मोलकरणीने किंवा घरच्या शिक्षिकेने पंधरा दिवसांची नोटीस दिल्यासारखं झालं. त्यावर डोराला आठवलं, की त्याच मित्राच्या घरी मुलांना सांभाळणारी एक शिक्षिका होती. तिलाही त्याने असंच गाठलं होतं आणि तिनेही नोकरी सोडायचं ठरवलं होतं. ही आठवण डोराच्या विश्लेषणात पुरावा म्हणून वापरली गेली. त्या शिक्षिकेचं काय झालं, हे विचारायला मात्र तिथे कोणी नव्हतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. सप्टेंबर 1918 मध्ये, महायुद्ध संपत आलेलं असताना, फ्रॉइड बुडापेस्टच्या परिषदेत वेगळंच बोलला. शस्त्रक्रियेवर गरिबाचा जेवढा हक्क, तेवढाच मनाच्या उपचारावर. हे उपचार फुकट असतील आणि कधी कधी त्यांच्या जोडीला पैशाची मदतही द्यावी लागेल. पाच वर्षांत माणसाचं अबोध मन काही बदललं नव्हतं, भोवतालचं जग बदललं होतं. 1920 मध्ये बर्लिनला आणि 1922 मध्ये व्हिएन्नात असे दवाखाने निघाले. व्हिएन्नाचा दवाखाना हृदयरोग विभागाच्या जागेत होता. जिथे सकाळी रुग्णवाहिका येत, तिथेच दुपारी विश्लेषण. कोच नव्हता. तपासणीच्या लोखंडी टेबलावर रुग्णाने शिडीने चढायचं आणि विश्लेषकाने लाकडी स्टुलावर बसायचं. गालिचे आणि मूर्तींनी भरलेल्या फ्रॉइडच्या खोलीशेजारी हे चित्र ठेवून पाहा. विश्लेषक आपल्या वेळेचा पाचवा हिस्सा तिथे देत, नाहीतर तेवढे पैसे भरत. 1938 मध्ये नाझींनी तो दवाखाना बंद केला. रुग्णांना कदर नव्हती म्हणून तो बंद पडला नाही.

आता आपल्या केंद्राकडे येते. माझ्याकडे येणारी एक बाई सतत अर्धा तास उशिरा यायची. मी वहीत लिहिलं, 'प्रतिरोध'. चांगला भारदस्त शब्द आहे. बोलणं अवघड जागेवर आलं की माणूस टाळतो, हे खरंही असतं. दोन महिन्यांनी ती सहज बोलून गेली की वस्तीत पाणी साडेचारला येतं आणि मी तिला वेळ दिली होती साडेचारची. घरी पाणी भरणारं दुसरं कोणी नाही. माझ्या वहीत तिचं मन होतं, तिचा हंडा नव्हता. वेळ बदलली. अवघड विषय आले की ती तरीही टाळायची, पण आता ते टाळणं मला ओळखता येऊ लागलं.

मग फीचं काय? भाडं थकतं, मानधनं तुटपुंजी आहेत, हे मलाही माहीत आहे. काही बायकांना पैसे दिल्याने बरं वाटतं, तेही मी पाहिलं आहे. त्यांना कोणी अडवू नये. पण धुण्याभांड्याची कामं करणारी बाई आपल्याकडे येते तेव्हा एक खाडा पडतो. म्हणजे तिने फी आधीच भरलेली असते. आणि जिचा नवरा रोज हिशेब मागतो, तिने 100 रुपये कुठे गेले म्हणून काय सांगायचं? मार चुकवायला आलेल्या बाईच्या हातात आपणच मार खायचं कारण द्यायचं का?

म्हणून माझा ठराव असा: सरसकट फी नको. कोणाला द्यायचं असेल तर दाराशी पेटी ठेवा, नाव न लिहिता. आपल्यापैकी ज्यांची बाहेर खाजगी प्रॅक्टिस आहे, त्यात मीही आले, त्यांनी आठवड्यातला एक दिवस केंद्राला द्यावा किंवा त्या दिवसाची कमाई भरावी. आणि वेळापत्रक करण्याआधी कोणत्या वस्तीत पाणी किती वाजता येतं, ते विचारून घ्यावं. विरोधात कोण बोलणार आहे, त्यांनी आता पुढे यावं.