सेटलमेंटचं कुंपण आणि ठाण्यातली वही



सोलापुरात एखाद्या रिक्षावाल्याला 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असं सांगितलं, तर तो काही न विचारता तिथं नेऊन सोडतो. रोजच्या सवयीचं नाव आहे ते. त्याचा अर्थ काय, असं कुणी विचारत नाही. सेटलमेंट म्हणजे तारेच्या कुंपणातली वसाहत. ज्यांची वागणूक सरकारला बरी वाटली, त्यांना कुंपणाबाहेर राहू दिलं, ती फ्री कॉलनी. 'फ्री' म्हणायचं, पण त्यांच्यावरची नजर सुटलेली नव्हती.

इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं १९११ आणि १९२४ साली त्याची पकड वाढवली. कैकाडी, टकारी भामटा, पारधी, कंजारभाट अशा जमातीत जन्माला येणं हाच पुरावा ठरला. बोटांचे ठसे द्यायचे, ठराविक वेळी हजेरी लावायची, परगावी जायचं तर पास काढायचा. सोलापुरात गिरण्या होत्या, त्यांना मजूर हवे होते. तेव्हा कुंपणातली माणसं दिवसा गिरणीत राबायची आणि हजेरीच्या वेळेला परत यायची. सुधारणा म्हणून ही योजना सांगितली जाई. तिच्यातून काही मुलं शाळेत गेली, हेही खरं आहे. तथापि चोरी न केलेल्या माणसाला चोर म्हणून शिकवायचं, हा शिक्षणाचा चमत्कारिक प्रकार म्हटला पाहिजे!

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. या जमाती 'विमुक्त' झाल्या आणि त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. कुंपण गेलं. पण कुंपणाबरोबर ठाण्यातली वही गेली का? १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी कायदा झाला. तो जमातीवर नव्हता, माणसाच्या स्वतःच्या गुन्ह्यांवर होता. हा फरक मोठा आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकातला फरक रात्री गस्त घालणाऱ्या शिपायापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. कुठं घरफोडी झाली की आधी पालाकडं जायचं, ही रीत कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. ती जुन्या माणसाकडून नव्या माणसाकडं तोंडी जाते. म्हणूनच ती मोडायची जागा न्यायालयाइतकीच प्रशिक्षणाच्या वर्गातही आहे.

आपल्या गावाजवळ केगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. नवा शिपाई तिथं कवायत करतो, कायदा शिकतो. माझी सूचना साधी आहे. तिथून फ्री कॉलनी काही फार लांब नाही. प्रत्येक तुकडीनं एकदा तिथं जावं, शिकलेल्या विमुक्त तरुणांना वर्गात बोलावावं, आणि सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल समोर ठेवावेत. ७ मे २०२४ च्या निकालात न्यायालयानं बजावलं, की केवळ मागास किंवा वंचित समाजातला आहे म्हणून कुणाचं नाव हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवू नये. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरच्या निकालात तुरुंगातला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीनं अटक होऊ नये, असं पोलिसांना सांगितलं. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी हे सांगावं लागलं!

संशय ठाण्यातच राहत नाही, तो गावातही उतरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथं मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेकरी, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच मंगळवेढे तालुक्यातले. मोबाइलवर फिरलेली एक अफवा त्याला पुरली. अनोळखी पोशाख दिसला की संशय घ्यायचा, ही शिकवण लोकांच्या अंगात किती खोल गेली आहे, ते तिथं दिसलं.

दुसरी बाजूही सोलापूर जिल्ह्यातच पाहायला मिळाली. २०२१ साली ग्रामीण पोलिसांनी, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर नुसत्या धाडी घालून काही होत नव्हतं. तेव्हा एकेका वस्तीला एकेक अधिकारी जोडून दिला. धाड चालू ठेवायची, पण जोडीला समजूत घालायची आणि दुसरा रोजगारही मिळवून द्यायचा. भट्टी बंद झाल्यावर चूल कशानं पेटणार, हा प्रश्न पोलिसानं विचारावा, यात मला फार मोठी गोष्ट वाटते. मात्र अधिकाऱ्याची बदली होते. जे काम माणसाबरोबर येतं ते माणसाबरोबर जाऊही शकतं. ते अभ्यासक्रमात बसवलं तर टिकेल.

आता जातपंचायतीबद्दल. ठाण्याची भीती असलेला माणूस तंटा घेऊन पंचांकडं जातो, आणि पंच दंड करतात, वाळीत टाकतात. बाईच्या वाट्याला त्यात फार वाईट येतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण तक्रार घ्यायला बसलेला अंमलदारच 'तुमचं तुम्ही मिटवा' म्हणाला, तर ती बाई पुन्हा पंचांपुढं उभी राहते. म्हणून हा कायदा ठाणे अंमलदाराला पाठ असला पाहिजे.

शेवटी वस्तीवरच्या श्रोत्यांसाठी थोडं. पकडून नेलं तर कारण विचारा, ते सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नातेवाइकाला कळवायला सांगा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढं उभं केलंच पाहिजे. सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्या कायद्याच्या यादीत अनुसूचित जाती-जमाती आहेत, पण बाकीच्या विमुक्तांचं नाव नाही. ते पाहून पुष्कळजण दारातूनच परततात. परतू नका. कोठडीत असलेला कोणीही, कोणतीही स्त्री, कोणतंही मूल, या प्रत्येकाला त्याच यादीत जागा आहे आणि त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घेतात. फोनचा क्रमांक १५१००.