जीप ओढते, पण थांबते का?

आज गाडीबद्दल बोलायचं आहे. घरातल्या माणसांनी ऐकलं तरी चालेल, पण बोलणं आपल्याशीच आहे. बचत गटातल्या बाईने प्रवासी गाडी चालवावी म्हणून केंद्र सरकारने 2017 मध्ये आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली. आमच्या भोकरदन तालुक्यातल्या गटाने त्या योजनेची वाट न बघता बँकेचं कर्ज काढलं आणि पिवळ्या पाटीची जुनी जीप घेतली. आपल्याकडे बोलेरो असो की सुमो, सगळ्या जीपच. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला, एरवी बाजाराला आणि दवाखान्याला. गाडी एका ताईंचा मुलगा चालवतो. हप्ता मात्र आम्ही अकराजणी भरतो.

गेल्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला. टँकर यायचा, पण त्याचा वार चुकायचा. गावात एकाकडे लोखंडी ट्रॉली होती, वर हजार लिटरची टाकी. बैठकीत एक काकू म्हणाल्या, "दारात गाडी उभी हाये अन् आपण डोक्यावर हंडे वाहायचे?" आम्हालाही ते पटलं. वेल्डिंगवाल्याकडून जीपच्या मागे हुक लावून घेतला आणि ट्रॉली जोडली. जीपने ती ओढली, चार दिवस ओढली. आम्ही खूश.

पाचव्या दिवशी चढावर काहीतरी जळाल्याचा वास आला. वास आला तरी खेप पुरी केली, ही आमची पहिली चूक. टाकी भरून परत येताना नाल्याच्या उतारावर मुलाने ब्रेक दाबला. जीप थांबू लागली, ट्रॉली थांबेना. तिने मागून ढकललं, जीप आडवी झाली आणि काठच्या बाभळीला टेकून उभी राहिली. आत आमच्या दोघी होत्या आणि एक लेकरू. कुणाला लागलं नाही. क्लच प्लेट जळाली होती, आणि गॅरेजचं बिल दोन हप्त्यांएवढं आलं.

मिस्त्रीने विचारलं, "ताई, वजन किती होतं?" आमच्यातली एकही सांगू शकली नाही. खरं तर हिशोब शाळेतला आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटर म्हणजे एक टन, वर टाकी आणि ट्रॉलीचं लोखंड. म्हणजे जवळजवळ जीपच्याच वजनाचं ओझं तिच्या शेपटीला बांधलं होतं. त्या ओझ्याला स्वतःचा ब्रेक नव्हता. इंजिनात जोर असला की गाडी ओढते, पण थांबवायचं काम ब्रेकचं. ते ब्रेक जीपच्या आणि आत बसलेल्या माणसांच्या वजनाला धरून बनवलेले असतात, दुसऱ्या जीपएवढ्या ओझ्याला नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपमागे जोडायला खास छोटी ट्रॉली असायची. तिचं नावच पाव टनी. युरोपात गाडीमागच्या ट्रॉलीचं भरून वजन 750 किलोच्या वर गेलं, की ट्रॉलीलाच ब्रेक लागतो. अमेरिकेतल्या मोठ्या जीपगाड्या तीन-साडेतीन टनही ओढतात, पण किती ओढायचं ते कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि हुक थेट चासीला बसवलेला असतो. आमचा हुक बंपरच्या पत्र्याला डाग देऊन चिकटवला होता.

आणखी दोन गोष्टी आम्हाला नंतर कळल्या. एक म्हणजे, अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. पाणी मागेपुढे हिंदकळतं आणि ब्रेक मारला की सगळं पुढे धावतं. म्हणून मोठ्या टँकरच्या पोटात भोकं पाडलेल्या आडव्या भिंती असतात. दुसरं, कायद्याने ट्रॉली हेही वाहनच आहे, तिची वेगळी नोंदणी लागते. नोंदणी नसलेली ट्रॉली जोडून काही झालं तर विम्याचे पैसे अडतात. कर्ज मात्र आपल्याच नावावर राहतं.

त्यानंतर आम्ही ठरवलं, गाडीचं रोजचं बघणं चालवणाऱ्यावर सोडायचं नाही. सकाळी गाडी निघायच्या आधी पाळीपाळीने एकजण बोनेट उघडते. पहिल्या आठवड्यात पारावरचे लोक हसले. हसू द्या. ऑइलची पट्टी गाडी सपाटीवर आणि बंद असताना काढायची, पुसायची, पुन्हा घालायची आणि मग बघायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. रेडिएटरची गोष्ट जरा नीट ऐका. आपल्या बोअरचं पाणी जड असतं. हंड्याला आतून पांढरा थर धरतो ना, तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत धरतो आणि गाडी तापायला लागते. म्हणून बोअरचं पाणी ओतायचं नाही, कूलंटच घालायचं. आणि तापल्या गाडीचं झाकण कधीच उघडायचं नाही, वाफेने तोंड भाजतं. ब्रेक ऑइल कमी दिसलं तर नुसतं वरून भरून गप्प बसू नका. कुठेतरी गळतंय नाहीतर लायनर झिजलेत. मिस्त्रीला दाखवा. चाकांत हवा किती, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेलं असतं. स्टेपनीची हवाही बघा. तिची आठवण पंक्चर झाल्यावरच येते. आपल्या फुफाट्याच्या रस्त्यांवर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच भरतो.

हे सगळं वहीत लिहितो. खाली सही असते, मुलाची नाही, आमची.

पण पाण्याचं काय? ट्रॉली सोडली तेव्हा गटातल्या दोघी बोलेनाशा झाल्या. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या घरापासून विहीर सगळ्यात लांब. शेवटी मागची सीट काढून 20 लिटरचे 20 जार नेले. चारशे किलो, म्हणजे सहा माणसांचं वजन, तेवढं जीप आपल्या अंगावर घेते. हे पाणी आधी म्हाताऱ्या बायांना आणि बाळंतिणीच्या घरी. बाकी गावासाठी ट्रॅक्टरची खेप, घरटी वर्गणी काढून. ट्रॅक्टरवाल्याला आम्ही आधी विचारलं, "तुमच्या ट्रॉलीला ब्रेक आहे का?" तो बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बसवून घेतो." अजून बसवलेला नाही. तोवर नाल्याच्या उतारावर तो पहिल्या गिअरमध्ये उतरतो आणि टाकीवर कुणालाही बसू देत नाही. एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.