परीक्षेतील इंग्रजी : मराठी वाक्यापासून इंग्रजी वाक्यापर्यंत



स्पर्धा परीक्षेच्या तयारीत सर्वाधिक वेळ सामान्य अध्ययनाला आणि सर्वात कमी वेळ इंग्रजीला, असा मराठी माध्यमातून आलेल्या अनेक उमेदवारांचा क्रम असतो. त्यामागील हिशेब वरवर पाहता चुकीचा नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीची अनिवार्य प्रश्नपत्रिका ३०० गुणांची आहे, तिचा दर्जा शालान्त परीक्षेचा आहे आणि तिचे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. मात्र तिच्यात किमान २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळाले नाहीत, तर निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय यांचे गुण विचारातच घेतले जात नाहीत. वर्षभराच्या परिश्रमांचे दार अशा रीतीने एका 'सोप्या' प्रश्नपत्रिकेच्या बिजागरीवर टांगलेले असते.

डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून नागरी सेवा परीक्षेचे स्वरूप बदलले आणि उमेदवाराला आठव्या अनुसूचीतील भाषेत उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. मराठीतून उत्तरे लिहिण्याचा मार्ग तेव्हा खुला झाला. त्याच वेळी इंग्रजीचे किमान ज्ञान ही अट कायम राहिली. पुढे २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत 'सीसॅट' आले. त्यातील इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांवरून २०१४ मध्ये आंदोलन झाले, त्या प्रश्नांचे गुण त्या वर्षी गुणवत्तेसाठी धरले गेले नाहीत आणि २०१५ पासून ती प्रश्नपत्रिका ३३ टक्क्यांची केवळ पात्रता प्रश्नपत्रिका झाली. तरीही तिच्यात उताऱ्यांवरील प्रश्नांचा वाटा मोठाच असतो आणि हे उतारे इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत छापलेले असतात. मराठी उमेदवाराला ते परभाषेतच वाचावे लागतात.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. म्हणजे आजच्या उमेदवाराने ही भाषा शाळेत दहा वर्षे अभ्यासलेली असते. नियम त्याला पाठ असतात. तरीही चुका होतात, कारण वाक्य मनात प्रथम मराठीत तयार होते आणि मराठीचा सांगाडा इंग्रजी शब्दांनी झाकला जातो. या चुका कुठेही कशाही होत नाहीत. त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत आणि म्हणूनच त्या दुरुस्त करता येतात.

'मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो' हे निर्दोष मराठी वाक्य घ्यावे. त्याचे 'आय लिव्ह इन पुणे सिन्स टेन इयर्स' असे भाषांतर करणारा उमेदवार एकाच वाक्यात दोन चुका करतो. मराठीतील 'पासून' हा शब्द प्रारंभबिंदूलाही लागतो आणि कालावधीलाही लागतो. इंग्रजीत प्रारंभबिंदूसाठी 'सिन्स' आणि कालावधीसाठी 'फॉर' अशी वाटणी आहे. शिवाय भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेसाठी मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला पुरत नाही. तेथे 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स' असेच लिहावे लागते. याउलट 'मी काल अर्ज पाठवला आहे' असे मराठीत सहज बोलले जाते, पण इंग्रजीत 'यस्टरडे' आले की 'हॅव' चालत नाही. 'आय सेंट' असा साधा भूतकाळच हवा.

'पेक्षा'ची गोष्टही तशीच. ज्येष्ठ, कनिष्ठ, पसंत या सर्वांसाठी मराठीत 'पेक्षा' असते, म्हणून हात आपोआप 'दॅन' लिहितो. वास्तविक 'सीनिअर', 'ज्युनिअर', 'प्रिफर' यांच्यापुढे 'टू' येते. 'विषयावर चर्चा करणे' यातील 'वर' इंग्रजीत 'डिस्कस'नंतर 'ऑन' किंवा 'अबाउट' होऊन डोकावतो, पण त्या क्रियापदाला मध्यस्थ लागतच नाही. अप्रत्यक्ष कथनात 'ती म्हणाली की मी उद्या येईन' असे मराठीत मूळ बोल जसेच्या तसे ठेवता येतात. इंग्रजीत 'मी'ची 'ती' होते, 'विल'चे 'वुड' होते आणि 'उद्या'चा 'द नेक्स्ट डे' होतो. 'सीतेने आंबे खाल्ले' यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते; इंग्रजीत ते नेहमी कर्त्याप्रमाणेच चालते. म्हणून 'द लिस्ट ऑफ बुक्स' यापुढे जवळच्या 'बुक्स'कडे पाहून 'आर' लिहिणे चूक आणि 'लिस्ट'कडे पाहून 'इज' लिहिणे बरोबर.

उपपदे मराठीत नाहीत, हे तर सर्वश्रुत आहे. पण 'अ' आणि 'ॲन' यांच्या निवडीत देवनागरी मोठी मदत करते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. इंग्रजी स्पेलिंग फसवे असते. उपपद मात्र अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द 'य' या व्यंजनाने सुरू होतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'ऑनेस्ट' स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन ऑनेस्ट मॅन'. 'अवर', 'एम.ए.', 'यूरोपियन', 'वन-रुपी नोट' या सर्वांचा निकाल याच कसोटीवर क्षणात लागतो.

सरावासाठी जुन्या पिढ्यांनी वापरलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आजही एक दिशा दाखविते : मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत, दोन्ही बाजूंनी ये-जा. उमेदवाराने चांगल्या इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखातील पाच-सहा वाक्ये घ्यावीत, त्यांचे सरळ मराठी करावे आणि पुस्तक मिटावे. दुसऱ्या दिवशी त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहावे आणि मुळाशी ताडून पाहावे. जेथे फरक पडला तेथे लाल खूण करावी. बहुतेक फरक वर सांगितलेल्या जागीच पडलेले आढळतील; काही ठिकाणी उमेदवाराचे वाक्यही बरोबर असेल, फक्त वेगळे असेल. खरी चूक मात्र वेगळ्या वहीत, मराठी वाक्यासह लिहून ठेवावी. व्याकरणाच्या ग्रंथातील शंभर तयार प्रश्न सोडविण्यापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडते, कारण त्या प्रश्नांतील बहुतेक चुका उमेदवार कधी करतच नसतो.

आकलनाचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. तेथे शब्दसंग्रहापेक्षा संयमाची परीक्षा अधिक असते. समजा, उताऱ्यात असे म्हटले आहे : ठिबक सिंचनाने प्रत्येक एकराला लागणारे पाणी कमी होते, तथापि काही गावांत वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी अधिक क्षेत्र ओलिताखाली आणले आणि विहिरींतून होणारा एकूण उपसा घटला नाही. प्रश्न असा की, उताऱ्यातून कोणता निष्कर्ष निघतो? पर्याय : ठिबक सिंचन निरुपयोगी आहे, ठिबकला अनुदान वाढविले पाहिजे, ऊस हे पाण्याचा अपव्यय करणारे पीक आहे, पाणी वाचविणाऱ्या साधनामुळे एकूण पाणीवापर घटेलच असे नाही.

अभ्यासू विद्यार्थी येथे तिसऱ्या पर्यायाकडे ओढला जातो, कारण उसाविषयी त्याने पुष्कळ वाचलेले असते. पण उताऱ्यात उसाचे नावही नाही. पहिला पर्याय उताऱ्याला ताणतो, दुसरा उताऱ्याबाहेर जाऊन सल्ला देतो. चौथाच तेवढा उताऱ्यातील 'तथापि'वर उभा आहे. ज्याचे ज्ञान अधिक तोच अशा प्रश्नात अधिक फसतो, ही गोष्ट विचित्र वाटली तरी खरी आहे. म्हणून प्रत्येक पर्यायाला, 'हे उताऱ्यात कोणत्या वाक्यात आहे?' असा प्रश्न विचारावा. वाक्यावर बोट ठेवता येत नसेल, तर पर्याय सोडावा. 'हाउएव्हर', 'अनलेस', 'दो', 'ओन्ली' हे छोटे शब्द पहिल्या वाचनातच अधोरेखित करावेत. पर्यायांत 'ऑल', 'नेव्हर', 'ऑलवेज' दिसले की उताऱ्याने तेवढे ठामपणे म्हटले आहे काय, हे पुन्हा पाहावे. एका प्रश्नाला अडीच गुण आणि चुकीच्या उत्तराला त्याचा एक तृतीयांश दंड, हे लक्षात घेता अंदाजाने भरलेले वर्तुळ महाग पडते.

मुख्य परीक्षेत आकलनाची उत्तरे लिहून द्यायची असतात. तेथे उताऱ्यातील वाक्ये उचलून ठेवण्याची सवय नडते. सारांशलेखनात तर ती अधिकच उघडी पडते, कारण मजकूर एक तृतीयांशावर आणायचा असतो आणि शब्द स्वतःचे हवे असतात. यावर एक साधा उपाय आहे. उतारा दोनदा वाचावा, पान उलटे ठेवावे आणि त्याचा आशय मराठीत तीन ओळींत लिहावा. त्या तीन ओळी लिहिता आल्या नाहीत, तर अडचण इंग्रजीची नसून उतारा समजलेला नाही, असे समजावे आणि तो तिसऱ्यांदा वाचावा. लिहिता आल्या, तर सारांशाचा गाभा हाती आला. मग त्याचे इंग्रजी करताना चुकांची वही शेजारी उघडी ठेवावी. परीक्षेच्या दिवशी ती जवळ नसते. तोपर्यंत तिच्यातील 'पासून', 'पेक्षा' आणि 'वर' यांची पाने पुष्कळदा उलटून झालेली असतात.