राजदूत, पासपोर्ट आणि आईचं नाव

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



बचत, कर्ज, परतफेड यावर मी दर महिन्याला बोलतेच. आज एका राजदूताची गोष्ट सांगते. तुम्ही म्हणाल, आमच्या गटाचा आणि राजदूताचा काय संबंध? थोडं थांबा, संबंध निघतो.

राजदूत म्हणजे आपल्या देशाच्या वतीने दुसऱ्या देशात राहून बोलणारा माणूस. शिवाजी महाराजांच्या काळात याला वकील किंवा हेजिब म्हणत. अफझलखानाकडे महाराजांनी पंताजी गोपीनाथ यांना पाठवलं होतं, ते अशाच कामाला. आपल्या सिंदखेडराजाच्या लेकीच्या स्वराज्यात तलवारीइतकंच बोलण्यालाही मोल होतं.

आता आजच्या काळातले बघू. ज्ञानेश्वर मुळे यांचा जन्म १९५८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट गावचा. शिकायला लहानपणीच घर सोडून कोल्हापूरला वसतिगृहात राहिले. १९८३ साली भारतीय परराष्ट्र सेवेत गेले. जपान, रशिया, मॉरिशस, सीरिया, मालदीव, अमेरिका अशी सुमारे पस्तीस वर्षं नोकरी केली. जपानमध्ये असताना तिथली भाषा शिकले. आणि मराठीत लिहीत राहिले. ‘माती, पंख आणि आकाश’ हे त्यांचं आत्मकथन आपल्या प्रभागातल्या शिकणाऱ्या मुलामुलींनी जरूर वाचावं.

आपल्याला वाटतं, राजदूत म्हणजे सूटबूट आणि मेजवान्या. पण मालदीवमध्ये काय झालं ते ऐका. मुळे तिथे भारताचे उच्चायुक्त होते. एका भारतीय कंपनीला दिलेल्या विमानतळाच्या कंत्राटावरून वातावरण तापलं होतं. २०१२ च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारच्या एका प्रवक्त्याने भर सभेत मुळे यांना देशाचा शत्रू म्हटलं. तीनच महिन्यांनी, १३ फेब्रुवारी २०१३ ला, तिथले माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद अटक टाळायला थेट भारताच्या कार्यालयात येऊन बसले. दारात आलेल्याला हाकलायचं कसं? आणि ठेवून घेतलं तर ते सरकार नाराज! दोन्ही बाजूंशी बोलणी सुरू राहिली. दहा दिवसांनी, २३ तारखेला, नशीद स्वतःच्या पायांनी बाहेर पडले.

आपल्या गटात दोघींचं बिनसलं की अध्यक्ष ताई काय करते? दोघींकडे जाते, दोघींचं ऐकते, एकीचं बोलणं दुसरीला तिखट न लावता सांगते. स्वतःला कोणी बोललं तरी गिळते, कारण गट तुटता कामा नये. काम तेच आहे बायांनो, फक्त गाव मोठं आहे.

आता आपल्या जवळची गोष्ट.

आपल्याच एका गटातली ताई. नवरा चौदा वर्षांपूर्वी सोडून गेला, घटस्फोट झाला नाही. मोलमजुरी करून तिने लेकीला नर्सिंगपर्यंत शिकवलं. लेकीला पासपोर्ट काढायचा होता. एका माणसाने सांगितलं, “बापाची सही लागते, नाहीतर कोर्टाचा कागद. वीस हजार द्या, मी जमवतो.” ताईने गटाकडे वीस हजारांचं कर्ज मागितलं. मी बैठकीला बसले होते. ठराव लिहायला वही उघडली होती. कर्ज नाही म्हणायला कोणाची जीभ रेटेना, कारण लेकीच्या भविष्याचा प्रश्न होता. मलाही नियम माहीत नव्हता. मी फक्त म्हटलं, “आठ दिवस थांबा, मी विचारून येते.”

विचारलं तेव्हा कळलं. डिसेंबर २०१६ मध्येच परराष्ट्र मंत्रालयाने नियम बदलले आहेत. अर्जात आई, वडील किंवा पालक यांपैकी कोणा एकाचं नाव पुरतं. लग्नाचा दाखला लागत नाही. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईवर त्याचं नाव लिहायची सक्ती नाही, घटस्फोटाचा कागदही मागत नाहीत. त्या काळात मंत्रालयातल्या पासपोर्ट विभागाचे सचिव होते हेच ज्ञानेश्वर मुळे! नियम एकट्या माणसाचा नसतो, समिती बसते, मंत्री निर्णय घेतात. पण गावाकडचा माणूस अशा खुर्चीवर असावा, याचं मला बरं वाटलं.

त्याच काळात, जानेवारी २०१७ पासून, टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रं सुरू झाली. पहिली दोन म्हैसूर आणि दाहोदला. पुढे देशभरात ती चारशेहून अधिक झाली. एका पासपोर्टसाठी इथून तीनशेहून जास्त किलोमीटरवर नागपूरला जायचं म्हणजे किती रोज बुडतात आणि भाड्याला किती लागतात, ते तुम्हाला मी काय सांगू?

त्या लेकीने अर्ज भरला. आईचं नाव लिहिलं, वडिलांची जागा मोकळी सोडली. साध्या पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये, तेवढीच भरली. पोलीस पडताळणी झाली आहे. पासपोर्ट अजून यायचा आहे, रोज पोस्टमनची वाट बघतात दोघी. वीस हजार गटातच राहिले. त्यातून दुसऱ्या दोघींनी शेळ्या घेतल्या.

म्हणून माझं तीन गोष्टींचं सांगणं आहे. ठराव इतिवृत्तात घ्या म्हणजे विसरणार नाही.

पासपोर्टचा अर्ज सरकारच्या ‘पासपोर्ट सेवा’ संकेतस्थळावर भरतात. भरता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलीला सोबत घ्या, फी किती ते स्वतः वाचून घ्या.

परदेशात नोकरी लावतो म्हणणाऱ्या एजंटाचा परवाना सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासा. नाव सापडलं नाही तर एक रुपयाही देऊ नका.

आणि कोणी “नवऱ्याची सही आणा” म्हटलं, तर घाबरून घरी परतू नका. शांतपणे विचारा, “कोणत्या नियमात लिहिलं आहे? दाखवा.” आवाज चढवायची गरज नाही. समोरच्याचा मान ठेवून आपली बाजू न सोडणं, हेच राजदूताचं काम. ते आपण घरात, गटात, ग्रामसभेत रोज करतोच. आता कचेरीतही करू.

पुढच्या बैठकीला हप्ता वेळेवर आणा!