फ्रेंच भाषेची परीक्षा : माप कोणाचे आणि कशासाठी?



कामगार चळवळीतल्या माणसाने फ्रेंच भाषेच्या परीक्षेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शालेय शिक्षण बेताचेच. जे वाचले ते रात्री, युनियनच्या कचेरीतल्या दिव्याखाली. पण मापाच्या प्रश्नात माझे आयुष्य गेले आहे. किती नग म्हणजे दिवसाचे काम, कुशल कामगार कोणाला म्हणावयाचे, त्याची चाचणी कोणी घ्यावयाची, यावरच आम्ही भांडत आलो. त्या भांडणांतून एक गोष्ट पक्की कळली : माप खरे आहे की नाही हा एक प्रश्न, आणि त्या मापाने माणसाचे काय करावयाचे हा दुसरा. परक्या माणसाचे फ्रेंच कसे मोजतात, हे याच दोन प्रश्नांच्या उजेडात आज पाहू.

प्रथम मापाकडे वळू. 1950 नंतरच्या दशकात गुगेनहाइम या भाषापंडिताने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेतला : परक्याला आधी कोणते फ्रेंच शिकवावे? उत्तरासाठी ते ग्रंथालयात बसले नाहीत. त्यांनी 275 माणसांचे रोजचे बोलणे यंत्रावर टिपून घेतले. सुमारे 3 लाख शब्द जमले, ते मोजले. तेव्हा एक गंमत दिसली. जेवणाच्या काट्यासारखे घरगुती शब्द मोजणीत जवळजवळ आलेच नाहीत. आणि तो शब्द ठाऊक नाही असा फ्रेंच माणूस तर सापडावयाचा नाही! मग या मंडळींनी शाळेतल्या मुलांना विचारले : स्वयंपाकघर म्हटले, कपडे म्हटले, की कोणते शब्द आठवतात? दोन्हींचा मेळ घालून सुमारे दीड हजार शब्दांची यादी तयार झाली. नुसत्या आकड्यांवर विसंबून न राहता वापरणाऱ्याला विचारावे, हा धडा आमच्या कामाच्या मोजणीलाही लागू पडतो.

पुढे 1985 साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने परदेशीयांसाठी ‘देल्फ’ आणि ‘दाल्फ’ ही प्रमाणपत्रे काढली. पुण्यामुंबईची मुलेही या परीक्षांना बसतात. 2001 साली युरोप परिषदेने सर्व भाषांसाठी सहा पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली : ए-1, ए-2, बी-1, बी-2, सी-1, सी-2. 2005 पासून ही प्रमाणपत्रे त्या शिडीला जोडली गेली. या शिडीचा मोठा गुण असा, की ती माणसाला व्याकरणाचे नियम पाठ आहेत काय हे विचारीत नाही. त्या भाषेत तो काय करू शकतो हे विचारते. ए-2 वाला दुकानात, टपालकचेरीत आपले काम सांगू शकतो. बी-1 वाला झालेली हकीगत सांगतो, आपल्या मताचे कारण देतो. बी-2 वाला बाजू मांडून वाद घालतो.

देल्फचा हिशोब पाहा. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे, प्रत्येकी 25 गुण. एकूण 50 मिळाले म्हणजे उत्तीर्ण; पण प्रत्येक भागात निदान 5 हवेत. म्हणजे ऐकणे, वाचणे, बोलणे यांत पैकीच्या पैकी मिळवून 75 झाले आणि लिहिण्यात 4 पडले, तर 79 गुणांचा माणूस नापास! एक किमान रेषा असावी, हे मी समजू शकतो. पण ती रेषा कोणाला आडवी येते, हेही पाहिले पाहिजे.

येथून दुसरा प्रश्न सुरू होतो. फ्रान्सचे नागरिकत्व मागणाऱ्याचे फ्रेंच 2012 पूर्वी सरकारी कचेरीतला अधिकारी गप्पा मारून ठरवीत असे. साहेबाची मर्जी म्हणजे माप. 2012 पासून प्रमाणपत्र आले, तेही फक्त ऐकण्याबोलण्याचे, बी-1 पायरीचे. ही सुधारणाच म्हणावयाची; मर्जीपेक्षा नियम केव्हाही बरा. पण 2020 साली लिहिणे-वाचणेही सक्तीचे झाले. 2024 च्या जानेवारीत नवा कायदा झाला आणि 1 जानेवारी 2026 पासून नागरिकत्वासाठी बी-2 लागू लागले. दहा वर्षांच्या रहिवासपत्राची अट ए-2 वरून बी-1 वर गेली. काही वर्षांच्या परवान्याला पूर्वी पायरीची अट नव्हती. त्यालाही साधारणपणे ए-2 लागू झाली. शिडी तीच, पण ती भिंतीला टेकवून ठेवली होती, ती आता दारात आडवी घातली.

बी-2 च्या लेखी परीक्षेत एका तासात निदान 250 शब्दांत मुद्देसूद बाजू मांडावी लागते. क्षणभर फ्रेंच विसरा. आपला उत्तम फिटर, आवाजावरून यंत्राचे दुखणे ओळखणारा, तो मराठीत 250 शब्दांचा मुद्देसूद अर्ज घड्याळ लावून लिहील काय? आणि न लिहिला तर तो या देशाचा नव्हे काय? पॅरिसमध्ये पहाटे कचेऱ्या झाडणारी बाई, इमारतीवर विटा चढविणारा गडी, यांतल्या कित्येकांनी स्वतःच्या देशातही शाळेचे तोंड पाहिलेले नाही. ज्याला संधी मिळाली नाही, त्याच्याकडे संधीचा दाखला मागणे हा न्याय नव्हे.

कोणी म्हणेल, भाषा यावयासच पाहिजे. मीही तेच म्हणतो. धोक्याची पाटी वाचता न येणाऱ्याचा हात यंत्रात जातो, आणि करार वाचता न येणारा कोऱ्या कागदावर अंगठा देतो. कामगाराला भाषा हवी, ती मालकापेक्षा जास्त हवी! म्हणूनच विचारावयाचे, की ती शिकविणार कोण आणि केव्हा? फ्रान्स सरकारने 2019 साली नवागतांच्या शिकवणीचे तास वाढवून जास्तीत जास्त 600 केले. पण त्या शिकवणीचे लक्ष्य होते ए-1, पहिली पायरी. शिकवावयाची पहिली आणि मागावयाची चौथी, हा कोठला हिशोब? 2004 च्या कायद्याने फ्रेंच शिकणे हा कामगार-प्रशिक्षणाचा भाग मानला आहे. तो मार्ग रुंद करा. कामाच्या वेळात, पगारी तासांत वर्ग भरवा. बोलण्याचे माप वेगळे आणि लिहिण्याचे वेगळे धरा. माणसाची चारही अंगे सारखी वाढलेली नसतात, हे त्या शिडीच्या कर्त्यांनीच मान्य केले आहे.

आपल्या मुलांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. कॅनडात जाण्यासाठी फ्रेंच शिकणारी मुले आज कमी नाहीत. त्यांनी फी भरण्यापूर्वी विचारावे, की हे माप कोण मागतो? देल्फचे प्रमाणपत्र जन्मभराचे असते. कॅनडासाठी घेतल्या जाणाऱ्या फ्रेंचच्या चाचण्या दोनच वर्षे चालतात, आणि एकाच्या जागी दुसरे चालेलच असे नाही.

परीक्षा नको असे मी म्हणत नाही. तराजू बाजारात हवाच. पण जो तराजू धरतो त्याने वजने सर्वांना दाखविली पाहिजेत. आणि जो ज्यादा वजन मागतो त्याने तेवढे पिकविण्यास जमीन आणि पाणी दिले पाहिजे. जगात कोठेही कामगाराचे भाषेवाचून अडू नये, आणि भाषेच्या नावाखाली त्याला कोणी अडवूही नये, एवढेच मागणे मांडून मी आपली रजा घेतो.