सत्यशोधक जलसा आणि आपली जत्रा
(मुळशी तालुक्यातील एका गावी जत्रेपूर्वी भरलेल्या सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण.)



जत्रेच्या वर्गणीतून यंदा बाहेरचा ऑर्केस्ट्रा आणावा, की गावच्या पोरांनी स्वतःचा खेळ उभा करावा, हा प्रश्न सभेपुढे आहे. मत देण्याआधी आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी हकीकत ऐका.

जोतीराव फुले यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. एक जोशी गरोदर कुणबिणीस ग्रहांचे भय घालतो व त्या गरीब जोडप्यास लुबाडतो. शेवटी डोळे उघडून नवरा-बायको दोघेही रात्रीच्या शाळेत जाण्यास निघतात. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले. कमिटीने ते नाकारले. ते छापून निघाले 1979 साली, म्हणजे 124 वर्षांनी! दुसऱ्याच्या दारी आपले नाटक ठेवले की त्याची काय गत होते, ते यावरून ध्यानात घ्या.

पुढे 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. गावोगाव व्याख्याने होऊ लागली. परंतु दिवसभर औत हाकून दमलेला माणूस रात्री व्याख्यानास किती वेळ बसणार? ढोलकीवर थाप पडली, की तोच माणूस घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतो. हे वर्म जुन्नर तालुक्यातील ओतूरचे भीमराव महामुनी यांनी ओळखले व सत्यशोधक जलसा उभा केला. कऱ्हाडकडे काले गावचे रामचंद्र घाडगे यांनी तीच वाट धरली. 1920 च्या आगेमागे सातारा-कोल्हापूरकडे असे जलसे पुष्कळ झाले.

जलशाची घडण तमाशाचीच. गण, गवळण, बतावणी व वग. मात्र आतला माल बदलला. गणात निर्मिकाची स्तुती आली. नाची काढून टाकली. वगात सावकाराचा खोटा कागद, लग्नापायी काढलेले कर्ज, दारू आणि अंगठाबहाद्दराची फजिती दाखवू लागले. ज्या सावकारापुढे गडी दिवसा मान वर करीत नसे, त्याचे सोंग रात्री पाहून तो पोट धरून हसे. एकदा हसला म्हणजे भय निम्मे गेले! मग कागदावर अंगठा देण्याआधी तो कोणाकडून वाचून घेण्याची बुद्धी होई.

हा झरा तिथेच आटला नाही. 1930 नंतर नाशिककडे भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा गाजविला. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. मात्र जुन्या जलशांची पदे बहुतेक हस्तलिखित बाडांत राहिली. म्हातारा गेला, की घर सारवताना बाडही गेले. आपले धन असे आपल्याच घरात मातीमोल होते.

आता आपल्या मुळशीकडे या. 1921 साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला. सेनापती बापट पुढे होते आणि मावळे बायाबापड्यांसह तुरुंगात गेले. ही गोष्ट आपण पोरांस सांगतो. परंतु कसणारा मावळा पुष्कळ ठिकाणी कूळ होता, जमीन पुण्याच्या सावकाराच्या नावावर होती आणि सावकार मोबदल्यावर राजी झाले, हे किती जणांस ठाऊक आहे? घाम एकाचा आणि कागद दुसऱ्याचा! याहून जलशास योग्य वग कोणता?

आणि आज? हिंजवडीपासून इकडे जमिनीला सोन्याचा भाव आला. जमीन विकून पैसा आला, गाडी आली, आणि पुढे काय झाले ते घराघरात ठाऊक आहे. यावर 2018 साली ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट निघाला व तो आपण तिकीट काढून पाहिला. चित्रपटाने त्याचे काम केले. पण आपल्या घरचे दुःख दर वेळी दुसऱ्याने दाखवावे आणि आपण नुसते पाहावे काय?

तेव्हा माझी सूचना अशी. वर्गणीतून ढोलकी, तुणतुणे व झांज घ्यावी. वडीलधाऱ्यांनी सत्याग्रहाच्या व जमीनविक्रीच्या खऱ्या हकीकती सांगाव्या, पोरांनी त्या लिहून घ्याव्या. आयाबहिणींनी जात्यावरच्या ओव्या द्याव्या. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या कामाची सुरुवात आपल्याच मुलखात झाली. जुन्या जलशांत बायकांची सोंगे पुरुष घेत. आपल्या खेळात ती आपल्या मुलींनी घ्यावी. तयार झालेला वग वहीत उतरवून तिची एक प्रत शाळेत ठेवावी.

ऑर्केस्ट्रा रात्रीत येईल आणि रात्रीत जाईल. आपला खेळ पहिल्या वर्षी कच्चा होईल, पोरे वाक्ये विसरतील, लोक हसतील. हसू द्या. पुढच्या वर्षी तो सुधारेल. आणि सातबाऱ्यावर सही मागावयास कोणी दारी आला, तर तो वग पाहिलेले पोर बापास म्हणेल, “आबा, आधी वाचू द्या.” वर्गणीचे तेवढे चीज झाले, तरी पुष्कळ झाले.